पहिल्या अंकातली चंपी

आधी कबूल करा, की हसणार नाही. मगच सांगते!

आमची शुभा शाळेत माझ्याच बाकावर बसायची. चित्रकलेत माझा पहिला नंबर, तिचा दुसरा. दरवर्षी, न चुकता! जिवलग मैत्रिणी होतो, पण एकमेकींच्या रंगपेटीवर डोळा ठेवून. पुढे माझं लग्न झालं आणि माझी कला दारातल्या रांगोळीत गेली. आणि ही बाई पन्नाशीत कॉमिक काढते! 'एकाच बाकावर', अंक पहिला. नववीतल्या दोन मैत्रिणी आणि त्यांची चढाओढ.

शाळेच्या ग्रुपवर नुसता अभिनंदनाचा पाऊस. जी बाई माझ्या वाढदिवसाला साधं एक फूल पाठवत नाही, तिनं शुभाला अख्खी बाग पाठवली.

जळाले. सरळ सांगते, जळाले!

त्याच दुपारी मेट्रोनं सीताबर्डीला गेले, अंक घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. काय बरं वाटलं म्हणून सांगू! अगदीच फुसका अंक. माणसांचे हात लाटण्यासारखे, गोष्ट पुढे सरकता सरकत नाही. आणि ती चष्मेवाली नायिका कुमुद? इतकी गुणी, की जांभई आली तरी आधी बाईंची परवानगी घेईल. मी मनातल्या मनात शुभाला दहापैकी दोन दिले आणि पान उलटलं.

तिथं होती चंपी. दोन वेण्या, लाल रिबिनी, कुमुदवर जळणारी. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी या चंपीनं काय केलं? कुमुदच्या चित्रावर लोटाभर पाणी ओतलं!

मी अंक फटकन मिटला. कारण... आता तुमच्यापासून काय लपवायचं? नववीत शुभानं तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाचं चित्र काढलं होतं. बैल असे, की आत्ता चालू लागतील. त्यांच्या ओसरीवर वाळत ठेवलं होतं. ती आत गेली, आणि मी लोटा उचलला. त्या वर्षीही पहिला नंबर माझाच आला.

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! आणि इतकी वर्षं दम धरून आता छापलं!

घरी येऊन नवऱ्याला अंक दाखवला.

"यात तू मले तं कुठंच दिसून नाही राहिली," तो म्हणाला.

"तुम्हाले कधी दिसली होती मी?" म्हटलं, आणि स्कूटी काढली.

शुभाकडे ग्रुपमधल्या चौघीजणी बसलेल्या. संत्रा बर्फी चालू होती.

"ये वं रजे! वाचला का अंक?"

"वाचला ना! इतकं मनात होतं तं तोंडावर बोलायचं. साऱ्या गावाले काहून सांगून राहिली?"

"काय सांगितलं वं मी?"

"हाव, ओतलं मी पाणी! तुझ्या बैलांवर मीच ओतलं! चौदा वर्षांची होती मी. त्याच्यासाठी मले चंपी करून टाकलं तुनं?"

चौघींच्या हातातली बर्फी तोंडापर्यंत पोचलीच नाही.

"तू... ओतलं?" शुभा हळूच म्हणाली. "मले तं वाटे, आमच्या मनीनं लोटा पाडला."

"मग ही चंपी कोण?"

"अवं, चंपी मी होय! मीच जळत होती ना तुझ्यावर. कुमुद तू होय. चष्मा उगाच दिला, हुशार दिसावी म्हणून."

"अन वेण्या? रिबिनी?"

"शाळेचा नियमच होता तो! साऱ्याच पोरींच्या होत्या. तुझ्या चित्रावर पाणी ओतावं, असं माझ्या फक्त मनात येई. हिंमत नाही झाली कधी."

माझी झाली होती!

"अन ते मांजर?" मी कसंबसं विचारलं.

"मायनं त्याच दिवशी थैलीत घालून कळमन्याच्या धान्यबाजारात सोडून दिलं तिले. तीन दिवस जेवली नव्हती मी."

 वाटलं, संपली आपली मैत्री. मग शुभाला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. डोळे पुसत तिनं बर्फीची प्लेट माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "थांब, कागद आणते."

गेल्या महिन्यात दुसरा अंक आला. पहिल्यापेक्षा कितीतरी सरस, सगळे तेच म्हणतात. म्हणणारच, गोष्ट माझी आहे! चंपीच्या नाकावर आता माझा तीळसुद्धा आहे. मोठ्या ऐटीत मुखपृष्ठ पाहायला गेले, तर तिथं मी नाहीच. मनी! कळमन्यात धान्याच्या पोत्यांवर ऐसपैस बसलेली, मिशा फेंदारून. ग्रुपवर सगळ्या तिच्यावर फिदा. चंपीचं नावसुद्धा कोणी काढत नाही.

शाळेत माझा पहिला नंबर कधी चुकला नाही हो. आता दुसरा आलाय. पहिला मांजरीचा!