वाडीतल्या वाघाला काय घालतात

दहिवलीपलीकडच्या माळावर मुंबईच्या एका शेटने प्राण्यांची वाडी उभारली, तेव्हा मी त्या गावात नांदायला येऊन बरीच वर्षं झाली होती. आधी तारेचं कुंपण आलं, मग माकडं, हरणं, मोर आले. आमच्या रानात फुकट हिंडणारी जनावरं पैसे घालून कोंडायची आणि ती बघायला मुंबईचे लोक आणायचे, यात काहीतरी काळंबेरं आहे, असं सगळ्या गावाचं मत पडलं. माझंही. पुढे पिंजऱ्यातून बिबट्या आला आणि त्याला खायला काय घालतात, याचा गावाला घोर लागला. कर्जत स्टेशनावर मटणाची पाटी उतरते, असं वाडीचा मुंबईहून आलेला मुनीम सांगे. ती पाटी कुणीच पाहिली नव्हती. गावातलं एखादं कुत्रं दिसेनासं झालं, तरी लोक वाडीकडे बघत.

अशात तो मुनीम पाणी ओढायला बैल विकत मागत आमच्या दारी आला. त्याला नेमका आमचा म्हातारा बैल हवा होता, माझ्या बापाने मला आंदण दिलेला. तरणे बैल सोडून हा पाय ओढणारा कशाला, असं मी सासऱ्यांना विचारलं. तुझ्या डोक्यात नाही ते किडे वळवळतात, म्हणाले आणि त्यांनी बैल विकला. मी काही स्वस्थ बसणारी नव्हते. लाकूडफाट्याच्या निमित्ताने कुंपणापर्यंत जायची. एक-दोनदा तो पाण्याच्या पिंपाची गाडी ओढताना दिसला. माझा आवाज ऐकून थांबला. तेवढ्यावर मी मनाची समजूत घातली.

पोळ्याला त्याच्यासाठी पुरणाची पोळी घेऊन मी वाडीच्या फाटकाशी गेले. बैल गाडीला जुंपून खोपोलीला सामान आणायला धाडलाय, असं मुनीम म्हणाला. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या मानेवर कुणी जू ठेवत नाही. मुंबईच्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? गाडी कोण हाकतंय, मी विचारलं. त्याने आमच्याच आळीतल्या गाडीवानाचं नाव घेतलं. त्या गाडीवानाला मी येतायेताच त्याच्या अंगणात बैलांची शिंगं रंगवताना बघितलं होतं. फाटकातून पिंजरा दिसत होता. भर दिवसा बिबट्या अंग सोडून झोपला होता.

घरी आले, तर सासरे ओट्यावर बसलेले. मी पोळी घेऊन कुठे गेले होते, हे त्यांना माहीत होतं. बैल कसा आहे, एवढं तरी विचारतील म्हणून मी थांबले. शेवटी मीच म्हणाले, "मामा, आपला बैल वाडीत नाय."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग ती पोळी पोरांना वाढ गं."

मुनिमाने मला आज फसवलं होतं. सासऱ्यांनी तर बैल दावणीतून सोडला तेव्हाच.