सत्तेचाळीस नंबरचा वेल्डर

उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या केमिकल कारखान्यात प्रत्येक वेल्डरला एक नंबर असतो. जोड पुरा झाला की शेजारी पाइपावर पोलादी छाप ठेवायचा आणि हातोडीनं तो नंबर उमटवायचा. शामराव मेश्रामांचा नंबर सत्तेचाळीस. बाकीचे हलक्या हातानं ठोकत, शामराव दणकून.

"काय भाऊ, पाइपाले गोंदून राहिले का?" फिटर पांडुरंग चिडवायचा.

"माझ्या जोडाले उद्या कोणी आपला म्हणू नये, म्हणून."

सव्वीस वर्षांत त्यांचा एकही जोड गळला नव्हता. मग मे महिन्यात गरम कॉस्टिक सोड्याची पाइपलाइन फाटली. खाली उभ्या असलेल्या कामगार लोकेश साहूचा उजवा डोळा गेला. डाव्यानं आता नुसतं धूसर दिसतं. पाइपाला गुंडाळलेलं ग्लासवूल सोललं, तर चिरेला लागूनच ४७ होता.

रिपोर्ट यायला तीन महिने लागले. तोवर शामराव धड जेवले नाहीत.

"जोड पक्का होता न तुमचा?" त्यांची बायको शांताबाई विचारत.

"होता," म्हणत ते ताट सरकवत.

शेवटी इंजिनीअर रीना मॅडमनी बोलावून घेतलं. "काका, जोड एकदम चांगला निघाला. तुमची गलती नाही."

"मग चीर कुठून सुरू झाली?"

मॅडमनी रिपोर्टातला फोटो पुढं सरकवला. "सत्तेचाळीसातल्या साताच्या खाचेतून. वरचा व्हॉल्व्ह पाझरत होता, कॉस्टिक ग्लासवूलखाली साचत गेलं. खोल ठोकलं की तिथलं लोखंड ताणलेलं राहतं, आणि कॉस्टिक नेमकं तिथंच चिरत जातं. अशा लाइनवर नंबर रंगानं लिहायचा असतो. तुम्हाला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं."

रविवारी ते बिरगावला लोकेशच्या घरी गेले आणि त्याच्या आईला सगळं सांगून टाकलं. "मेरे नंबर से फटा, दीदी."

"लोहा कहीं नंबर से फटता है, भैया? सब बता रहे हैं, आपका जोड़ तो अच्छा था. आप फालतू में अपने ऊपर ले रहे हो. चाय पियो."

त्यांनी पुन्हा समजावून पाहिलं. तिनं कप पुढं केला.

"बस, एक काम कर दो. इसको वापस ड्यूटी पे लगवा दो. साहब लोग आपकी सुनते हैं."

लाइनवर सोडाच, अशा नजरेच्या माणसाला गेटवरही कोणी उभं करणार नव्हतं. शामरावांना ते ठाऊक होतं.

"हव," ते म्हणाले, "बात करूंगा."

खाटेवर बसलेला लोकेश हसला. शामराव जिथं बसले होते, तिथून जरा बाजूला बघून.