टर्बोनं ओढला झेंडूचा हार

बायांनो, आज मी आणि माझी जाऊ चाकणच्या कंपनीचे डबे घेऊन निघालो आणि मोशीजवळ गाडीनं दम टाकला. नुसता काळा धूर! डबे उशिरा पोचले तर काम जातं माझं.

गाडी जुनी घेतलेली, टर्बो, म्हणजे इंजिनात जोरात हवा कोंबणारा पंखा, आधीच्या मालकानं बाहेरून बसवून घेतलेला. मेकॅनिक फोनवर म्हणतो, "ताई, उद्या बघू." उद्यापर्यंत कामगार उपाशी ठेवू व्हय? मीच बॉनेट उघडलं.

टर्बो हवा ओढतो ती जाळी झेंडूनं गच्च! काल अमावास्येला गाडीच्या तोंडाला हार मीच घातलेला. सगळ्या पाकळ्या उपसल्या. जावेला म्हटलं, "दाब गं रेस." टर्बोची शिट्टी वाजली आणि माझ्या चिमटीतली पाकळी सर्रकन जाळीला जाऊन चिकटली.

जाऊ ओरडली, "अगं बया, जित्ती हाय ही!"

डबे वेळेत पोचले, पण माझ्या अंगावरचा काटा अजून उतरला नाही. जन्मभर देवांना हार घातले, असा ओढून कुणीच घेतला नव्हता. तुमच्या देवानं घेतलाय का कधी?