आमच्या जीपचा करंट कोण चोरत होतं

आमच्या जीपचा करंट कुणीतरी चोरत होतं. नाव घेत नाही. पण ज्याने हा उद्योग केला त्याला थोडी तरी लाज वाटायला हवी होती. ती जीप कुणाच्या वरातीत नाचवायची गाडी नव्हती, पाड्यापाड्यांवरच्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवणारी गाडी होती.

दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात हे भाषण मी डहाणूपासून तलासरीपर्यंत भेटेल त्याला ऐकवलं. तुम्हीही ऐकलं असेल. आता चहा घ्या आणि पुढचं ऐका. माझी अब्रू गेली ती कशी गेली, हे निदान माझ्याच तोंडून कळू दे.

तर जीप. घोलवडच्या एका चिकूवाडीच्या मालकांनी आम्हाला दिलेली. दिलेली म्हणजे, वाडीत पडून पडून तिच्यात कोंबडी अंडी घालायला लागली होती, ती कोंबडी त्यांनी काढून घेतली आणि गाडी आम्हाला दिली. आम्ही तिघे मित्र, नुकतेच बीएस्सी झालेले, देश बदलायला साधारण दोन वर्षं पुरतील असा अंदाज असलेले. गाडीच्या मागे मी स्वतः मोठ्या अक्षरांत रंगवलं: ‘प्रश्न विचारा’.

गाडी चालवायला शंकरकाका होते. पन्नाशीचे, गंजाडचे, तीस वर्षं स्टिअरिंग हातात. त्यांची एकच खोड मला खटकायची. दर शनिवारी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. आणि ते कमी होतं म्हणून की काय, बॉनेटच्या आत बॅटरीच्या एका टोकाला काळा दोरा. साधा नाही, चांगले दहाबारा वेढे देऊन आवळलेला. बॅटरीला कोणाची नजर लागणार होती देव जाणे. म्हणजे देव नाही, पण तुम्हाला कळलं.

एकदा तलासरीकडच्या एका शाळेत मी चाळीस मुलांसमोर बॉनेट उघडलं, अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोललो, आणि कात्रीने आधी लिंबू-मिरची कापली, मग तो दोरा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलं कशालाही टाळ्या वाजवतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

“सर, तो दोरा मी...” शंकरकाका पुढे आले.

“काका, दोऱ्याचं नाव काढू नका. प्रश्न विचारायला शिका.”

“प्रश्न नाय विचारत, मी सांगतो हाय...”

“सांगणंच तर बंद करायचंय आपल्याला. हजार वर्षं सगळे सांगतच आलेत.”

काय वाक्य होतं. मी ते त्या रात्री डायरीत लिहून ठेवलं.

चारपाच दिवसांत गाडीने नखरे सुरू केले. सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘टक’. दिवे पिवळे. खड्ड्यात गेली की दिवे बंद, खड्ड्यातून निघाली की चालू. रोज धक्का. पाड्यावरच्या मुलांना धक्का देणं आमच्या प्रयोगांपेक्षा जास्त आवडतं, हा शोध आम्हाला तेव्हाच लागला.

शंकरकाका म्हणाले, “सर, मी बॉनेट बघू का?”

मी म्हटलं, “नको. लिंबू बांधाल.”

मी शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. मीटर आणलं. बॅटरीच्या दोन्ही खांबांना त्याच्या सळ्या लावल्या. साडेबारा व्होल्ट. म्हणजे बॅटरी निर्दोष. तरी खात्री हवी म्हणून बॅटरी काढली, पिशवीत घातली आणि बसने डहाणूला नटूभाईंच्या गॅरेजात नेली. पिशवीच्या बुडाला ॲसिडने भोक पडलं, माझ्या पँटलाही पडलं. विज्ञानाला किंमत मोजावीच लागते.

नटूभाई म्हणाले, “साहेब, बॅटरी एकदम मस्त छे. तरी दोन दिवस माझी लावून बघा.”

त्यांची लावली. तेच. ‘टक’. मग मी अल्टरनेटर काढायला लावला आणि तोही बसने नेला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडू का विचारलं. नटूभाईंनी तपासला.

“आ पण मस्त छे. साहेब, तुम्ही गाडीचा एकेक अवयव आणताय. एक दिवस गाडी पण आणा ना.”

“गाडी सुरूच होत नाही, आणू कशी?”

“तर मला तिकडे न्या.”

“वेळ नाही,” मी म्हणालो. वेळ खरंच नव्हता, तर्क जवळजवळ पूर्ण झाला होता. बॅटरी चांगली. करंट तयार करणारा अल्टरनेटर चांगला. तरी गाडीला करंट पुरत नाही. मग करंट जातो कुठे? उरलं काय? चोरी.

एकदा चोरी म्हटल्यावर चोर दिसायला कितीसा वेळ लागतो? शंकरकाका गाडीत मोबाईल चार्ज करायचे. रेडिओ लावायचे. मी रेडिओ काढला. आतला दिवा काढला. हॉर्न तोडला. वायपरचा फ्यूज काढला. जीपची बैलगाडी झाली, फक्त बैलांची कमी होती. मग डॅशबोर्डवर कागद चिकटवला: ‘गाडीतील करंट वैयक्तिक कामासाठी नाही.’ नाव लिहिलं नाही. मी सभ्य माणूस आहे.

शंकरकाकांनी कागद वाचला. चावी माझ्या हातात ठेवली. “आवणी आलीय, सर. भात लावून येतो,” एवढंच म्हणाले आणि गेले. मला वाटलं, बरोबर, चोर पकडला गेला की असाच निघून जातो.

आता मनीषाचं सांगतो, कारण खरा जीव तिच्यात अडकलेला होता. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी, दहावी पास. शाळा संपली तरी आमचे प्रयोग बघायला शाळेत यायची, आणि त्यांत तिला एकच गोष्ट आवडली, बल्ब पेटवणं. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स मिळत होता. कागद तपासणीला डहाणूला शेवटच्या दिवशी दुपारी बाराच्या आत हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्याला. तिचे वडील देवजीकाका आदल्या दिवसापासून एकच विचारत होते, “बसने जाऊ का, सर?”

“बसचा भरवसा नाही. मी आहे ना.”

सकाळी पाड्याने ढकलून गाडी सुरू केली. नऊला निघालो. मी स्टिअरिंगवर, मधे मनीषा फाइल पोटाशी धरून, कडेला देवजीकाका. धो धो पाऊस. वायपरचा फ्यूज मी काढलेला. तेव्हा देवजीकाका खिडकीतून हात बाहेर काढून टॉवेलने काच पुसत होते, तलासरीपासून, न कुरकुरता.

गंजाडच्या अलीकडे रस्ता खोलगटात उतरतो. मागे चढ, पुढे चढ, मधे चिखल. तिथे एक शेळी उभी होती. हॉर्न मी तोडलेला. मी ब्रेक मारला, क्लच विसरलो, इंजिन बंद.

चावी फिरवली. ‘टक’.

सव्वादहा. देवजीकाकांनी आणि मी ढकलून पाहिलं. चिखलात आमचेच पाय मागे सरकत होते. शेळी बघत होती. तेवढ्यात डहाणूची एसटी आली आणि भरगच्च भरलेली, न थांबता, आमच्या अंगावर पाणी उडवून गेली. देवजीकाका तिच्याकडे बघत राहिले.

मनीषा रडेल असं मला वाटलं. तिने फाइल सीटखाली ठेवली, बॉनेट उघडलं आणि म्हणाली, “सर, मीटर द्या.”

“मी लावलंय गं शंभरदा. साडेबारा दाखवतं.”

तिने लावलं. साडेबारा.

“बघ.”

“सर, तुम्ही खांबाला लावता. तार खांबाला थोडीच जोडलीय? खांबावरच्या या क्लॅम्पला जोडलीय.” तिने सळी अर्धा इंच सरकवून क्लॅम्पवर ठेवली. आकडा नाचला आणि शून्याजवळ जाऊन बसला.

तिने क्लॅम्प बोटाने हलवला. तो सैल बांगडीसारखा फिरला. मागून उभा तडकलेला. नट कितीही आवळा, पकडणार कुठून?

“पण मग इतके दिवस कसा चालला?” मी विचारलं. शेवटी एकदाचा प्रश्न विचारला.

मनीषाने वाकून पाहिलं. क्लॅम्पच्या खाचेत काळ्या दोऱ्याचं एक टोक अजून अडकलेलं होतं. कात्रीने कापलेलं, छान सरळ.

“सर, तुम्ही आमच्या शाळेत...”

“हो, आठवलं.”

“मी पण टाळ्या वाजवलेल्या.”

दोरा हवा होता. जीपमध्ये भिंग होतं, लोहचुंबक होतं, बेडकाचं चित्र होतं, दोरा नव्हता. लिंबू-मिरचीचा चालला असता, पण आमची गाडी प्रबोधन झालेली. मी बुटाची लेस बघायला वाकलो, तर पायात चप्पल.

देवजीकाकांनी शर्ट वर केला, ज्याच्या आधाराने पँट टिकून होती तो कमरेचा काळा करगोटा सोडला आणि मुलीच्या हातात दिला. तिने पान्याने क्लॅम्प दाबून धरला, त्यांनी वेढे मारले. दहाबारा. गाठ शंकरकाकांसारखीच आवळली. मी मीटर धरून उभा होतो, कुणी विचारलं नाही तरी.

चावी फिरवली. गाडी अशी सुरू झाली की शेळी पळाली.

बाराला सात मिनिटं असताना आम्ही पोचलो. मी गाडी बंद करायची हिंमत केली नाही, चालू ठेवूनच बसलो. मनीषा पळत आत गेली. अर्ध्या तासाने शिक्का मारलेला कागद नाचवत बाहेर आली.

मी खाली उतरलो. डॅशबोर्डवरचा तो कागद फाडून खिशात घातला. देवजीकाका गाडीला टेकून उभे होते, एक हात कमरेवर. म्हटलं, “काका, परतताना गंजाडला शंकरकाकांच्या शेतात थांबू. मला त्यांची माफी मागायचीय. त्याआधी इथेच नवा क्लॅम्प घेतो आणि तुमचा करगोटा सोडून देतो.”

देवजीकाका पटकन जीपच्या आणि माझ्या मधे आले.

“नको, सर. आधी घरी पोचू दे. मी पँट धरून बसतो, तू फक्त आता काय कापू नको.”