सासऱ्यांचा दम आणि कंपनीचा डॉक्टर

साल दोन हजार पाचच्या आसपास. कंपनीचा डॉक्टर सासऱ्यांना तपासायला देवबागला येणार असं पत्र आलं आणि मी दोन याद्या केल्या. पहिली सामानाची होती, ती बिनबोभाट पार पडली. दुसरी सासऱ्यांनी काय काय करायचं नाही याची होती.

सासरे मुंबईजवळच्या एका पोलाद कारखान्यात भट्टीवर होते. तापलेल्या नळांना ॲस्बेस्टॉसचं कापड आणि दोर गुंडाळायचा, जुना झाला की उचकटून काढायचा, ही त्यांची जन्मभराची नोकरी. ती पांढरी धूळ घातक असते हे त्यांना कोणी सांगितलं नाही. डब्यातल्या भाकरीवर बसली तर फुंकून खायचे. निवृत्त होऊन गावी आले ते खोकला घेऊनच. पुढे एक्स-रेमध्ये फुप्फुसं खराब दिसली. त्यांच्यासारख्या बऱ्याच जणांनी मिळून नुकसानभरपाईचा दावा लावला. कंपनीने एक्स-रे मान्य केला, पण म्हणाली, हा माणूस गावात रोज रापण ओढतो, मग याचं नुकसान काय झालं? रापण म्हणजे किनाऱ्यावरून दहा-वीस जणांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. हे कंपनीला सांगितलं कोणी? सासऱ्यांनीच. मुंबईत कारखान्यातला जुना साहेब भेटला आणि सहज "कसं काय?" म्हणाला, तेव्हा.

आता यांच्याने कष्टाचं काम होत नाही असं डॉक्टरने लिहिलं तरच औषधपाणी कंपनीच्या अंगावर पडणार होतं. नाही लिहिलं तर आमच्या. आणि पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्यांचं भाडं आधीच औषधांत जात होतं.

घरापासून किनारा हाकेच्या अंतरावर, पण वाट सगळी वाळूची. सासरे पहिल्या माडापाशी थांबत आणि बरोबरच्या माणसाला त्या माडाची गोष्ट सांगत. पुढे उलट्या घातलेल्या होडीपाशी होडीची. गोष्टीची लांबी दमावर ठरायची. हवा कोरडी असली की माड दोन वाक्यांत आटपे. दमट दिवशी त्याच माडावर वीज पडून, तो लावणाऱ्याचं लग्न मोडून प्रकरण कोर्टापर्यंत जाई. गाव म्हणे, मुंबईत राहून माणूस बोलका झाला. घरात आम्ही जाणून होतो आणि कोणी बोलत नव्हतं.

मी यादी वाचून दाखवली. खुर्चीत बसून राहणे. विहिरीकडे न जाणे. 'झकास' न म्हणणे. समुद्र दाखवायला न नेणे.

"पावणो दारात इलो आणि मी खुर्चेत बसान रवू?" सासरे म्हणाले.

"बाबा, तो पावणो नाय. कंपनीचो डॉक्टर."

"कंपनीचो म्हणजे आमचोच. जन्मभर तिचा अन्न खाल्लंय."

"त्याच्यावांगडा धूळ पण खाल्लात."

"ती फुकट होती."

शेजारीण मासे विकायची. पाटी डोक्यावर घेऊन निघताना तिने कुंपणापलीकडून सल्ला दिला, "गो, सासऱ्याक आज खाटेर आडवो कर. उभो रवलो काय केस गेली."

डॉक्टर आला तेव्हा सासरे इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. डॉक्टर तरुण होता, घामाघूम होता आणि त्याच्या बुटांत वाळू गेली होती. सासऱ्यांनीच त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं, यादीतल्या खुर्चीत. डॉक्टरने छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि तब्येत कशी आहे विचारलं.

"झकास," सासरे म्हणाले.

"रापण ओढता?"

"रोज."

"बाबा," मी म्हटलं.

"तू च्या कर," सासरे म्हणाले. मी गॅसवर चहा ठेवून बाहेर आले तर दोघं फाटकाबाहेर. देवबागेत येऊन समुद्र न बघता जायचं म्हणजे काय, असं सासऱ्यांचं चाललं होतं. मी गॅस बंद केला, पाण्याची बाटली घेतली आणि मागोमाग निघाले.

पहिल्या माडापाशी वीज पडली, लग्न मोडलं. डॉक्टर खो खो हसला. होडीपाशी होडीचे तीन मालक आणि त्यांची भांडणं झाली. डॉक्टर आणखी हसला. माझ्या डोळ्यांसमोर अहवाल दिसायला लागला: रुग्ण आनंदी, उत्साही, समुद्रावर फिरतो. तिथून निघता निघता सासऱ्यांनी तरुणपणी रापणीत सापडलेल्या अजस्र मुशीची, म्हणजे शार्कची, गोष्ट काढली आणि ती सांगायला पाय रोवले.

डॉक्टर थांबला नाही. "काका, चालता चालता सांगा ना," तो म्हणाला.

सासरे माझ्याकडे बघून मग चालायला लागले. "आम्ही दोर ओढला. जाळं येईना. मग मुशीने... तोंड..." आणखी दोन पावलं गेली. "तोंड..." आणि ते वाळूतच बसले. ओठ निळसर झाले होते. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी हातानेच बाजूला सारलं. श्वासाखेरीज काही घ्यायला जागाच नव्हती.

शेजारीण जवळच मासे निवडत बसली होती. ही गोष्ट तिने शंभरदा ऐकलेली. "आणि मुशीच्या पोटात घड्याळ गावला," ती म्हणाली. "चालू. झाली गोष्ट. आता गप बसा."

सासऱ्यांनी हात वर केला. "घड्याळ नाय..." बराच वेळ गेला. "गो. कंदील."

डॉक्टर त्यांच्या शेजारी वाळूत बसला. "मला पहिल्या माडापाशीच समजलं होतं, काका. पण वकील विचारणार, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं? म्हणून चालवलं. माफ करा." मग कागद गुडघ्यावर घेऊन म्हणाला, "आता एकच सांगा. रापण ओढता, असं लिहू?"

शेजारणीचा हात माशांवर थांबला.

"ओढत नाही," सासरे म्हणाले. "दोराला हात लावतो. ओढतात बाकीचे."

"कधीपासून?"

"गावी आल्यापासून." मग थोडा दम जमला तसे म्हणाले, "पण कसं ओढायचं ते मी सांगतो. हेही लिहा."

डॉक्टर प्रामाणिक होता. त्याने दोन्ही लिहिलं.

त्यातल्या दुसऱ्या ओळीने आमचे पुढचे काही महिने खाल्ले. कंपनीच्या वकिलाने विचारलं की ओढणाऱ्यांना माशांचा वाटा मिळतो, तसा या सल्लागारालाही मिळतो का. आमच्या वकिलांनी गावात चौकशी करून कळवायला सांगितलं. मी शेजारणीला विचारलं.

"सांगण्याचो वाटो?" ती म्हणाली. "गप रवतलो तर दोन वाटे देवक तयार आसव आमी."

मी ते शुद्ध मराठीत लिहून पाठवलं. निकाल आमच्या बाजूने लागला. औषधपाणी कंपनीवर आलं, पुढे श्वासाचं यंत्रही आलं. निकालाचा कागद मी सासऱ्यांना सावकाश वाचून दाखवला, त्यात शेजारणीचं उत्तरही होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दोन वाटे म्हणाली ती?" त्यांनी विचारलं. "मगे माका तेव्हाच सांगलंस कित्याक नाय?"