मधला ठिपका

आमच्या लॅबमध्ये निकाल कमी आणि किस्से जास्त. पेपर छापून यायला वर्ष जातं, किस्सा मात्र घडल्या दिवशीच कॅन्टीनमध्ये छापून येतो! मी तिथं पीएचडी करत होतो, तेव्हापासून हे साठत आलेत. पण आमच्या ढोबळे सरांची नजर गेल्यापासून ते सांगताना पूर्वीसारखं हसू येत नाही. तरी सांगतो. न सांगून करायचं काय?

आधी आमचं काम. टॉर्चचा उजेड पुढं जाईल तसा फाकतो. लेझरचाही फाकतो, जरा कमी. आम्हाला हवा होता लांबवर सुईसारखा बारीक राहणारा किरण. पूर्वी त्यासाठी शंकूसारखी काच लागायची. आता नखाएवढी सपाट काच पुरते, तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खांब कोरलेले असतात. किरण पांढऱ्या कार्डावर पाडला की मधे एक लख्ख ठिपका आणि त्याच्याभोवती रिंगाच रिंगा. त्या ठिपक्यावर सरांचा जीव.

*

पहिली काच कुरियरनं आली, तेव्हा ऑफिसातल्या शिंदेमामांनी डबी उघडून बघितली आणि धावत लॅबमध्ये आले.

"सर, फसवलं तुमाला. नुसती काच हाय!"

"मामा, तीच मागवलीय."

"मग मला सांगायचं की! आमच्या शेजारी फोटोफ्रेमवाला हाय, टोपलीभर तुकडे दिले असते."

सर हसून हसून खुर्चीत बसले. पुढं कुठलीही काच फुटली की ते म्हणायचे, "मामांना टोपली आणायला सांगा."

*

लॅबच्या दाराशी खिळ्यांना गॉगल टांगलेले असायचे. ते घातल्याशिवाय आत पाऊल नाही. कार्डावर बघायचं असेल तर सर स्वतः पॉवर अगदी कमी करणार, मग "काढा" म्हणणार. तोवर कुणी गॉगलला हात लावायचा नाही.

एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले. शाल, नारळ, फोटोग्राफर, सगळा लवाजमा. सरांनी दारातच अडवलं.

"अहो, लेझर बंद आहे की!" प्राचार्य म्हणाले.

"बंद आहे असं समजणाऱ्यांचेच डोळे जातात, सर. घाला."

त्या वर्षीच्या वार्षिक अंकात पाहुणे हिरवा गॉगल लावून नारळ स्वीकारताना दिसतात!

*

आमच्यात सगळ्यात हुशार श्रीलता. घरी यंत्रमाग, टॉवेलचा धंदा. तिचे वडील एकदा लॅब बघायला आले. तिनं किरणाच्या वाटेत टाचणी धरली. टाचणीच्या लगेच मागं कार्ड धरलं, तर ठिपका गायब. कार्ड लांब लांब नेलं, तर ठिपका परत हजर, जसाच्या तसा!

वडील वाकून बघत राहिले. "आमच्याकडं धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायला लागते. ह्याला गाठ कोण मारतो?"

"कडेच्या रिंगा," सर म्हणाले. "मधला अडला तरी कडेचा उजेड पुढं जाऊन मधे येतो. कडा शाबूत पाहिजेत, बस."

वडील श्रीलताशी तेलुगूत काहीतरी बोलले. सरांनी विचारलं, "काय म्हणतात?"

"म्हणतात, असा धागा कुटं मिळत असेल तर सांगा."

*

सरांना शुगर होती. विचारलं की म्हणायचे, "बॉर्डरवर आहे." पेपर मंजूर झाला की पेढे, नामंजूर झाला की जिलेबी. एकदा काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, विसरलेला डबा द्यायला जुळे सोलापूरहून रिक्षानं आल्या. सरांच्या हातात पेढा बघून दारातच थांबल्या.

"बॉर्डरवर ना? अहो, अक्कलकोट कधीच मागं पडलं! आता कन्नड बोलायला लागली असेल तुमची शुगर!"

आम्ही पोट धरून हसलो. काकूही हसल्या. आता तो पेढा आठवला की फार वाईट वाटतं.

*

मग एक दिवस सर कार्डावर बघून कडाडले, "मधला ठिपका कुठाय? काच कुणी खराब केली?"

आम्ही काच पुसली, आरसे सारखे केले, शेवटी दुसरी काच लावली. सरांचं आपलं तेच. "रिंगा आहेत, मधे काळं आहे! दिसत कसं नाही तुम्हाला?"

आम्हाला तर ठिपका दिसत होता, चांगला लख्ख. पण सरांना सांगणार कोण? श्रीलतानं मुकाट्यानं कॅमेरा लावला आणि स्क्रीन सरांपुढं केला. "सर, ठिपका आहे."

सरांनी मान तिरकी केली. डोळ्याच्या कडेनं बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे काच चांगली आहे."



*

डॉक्टरांनी सांगितलं, शुगरनं डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसेल, समोरचं नाही. इंजेक्शनं झाली, उपयोग झाला नाही. सरांचं लॅबमध्ये येणं थांबलं. कॉलेजात मात्र आवई उठली की लेझरनं डोळे गेले. मी घरी भेटायला गेलो तेव्हा सर त्यावरच चिडलेले.

"डोळ्यांचं जाऊ दे रे. माझा गॉगल बदनाम झाला की!"

मी हसलो आणि हसता हसता मला रडू फुटलं. सरांना ते दिसलं नाही.

*

श्रीलताची पीएचडीची तोंडी परीक्षा झाली, त्या दिवशी सर पुन्हा लॅबमध्ये आले. काकूंचा हात धरून. "मला तो ठिपका लावून दाखवा," म्हणाले. श्रीलतानं लेझर सुरू केला. सर दाराशी थांबले आणि भिंतीवर हात फिरवून खिळा शोधू लागले.

मागं शिंदेमामा उभे होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सर, आता तुमाला कशाला त्यो गॉगल..." आणि त्यांनी जीभ चावली. काकूंनी तोंड फिरवलं.

सरांना गॉगल सापडला. त्यांनी तो सावकाश घातला, दोन्ही कानांमागं नीट बसवला.

"असं कसं मामा? कडा शिल्लक आहेत की अजून!"