पहिला भाग आण, मग बघू

आमच्या घरात पोथी मधूनच उघडलेली चालत नसे. दत्तजयंतीला आई सप्ताहाला बसायची. एका वर्षी चौथ्या दिवशी तिला ताप भरला, वाचन तुटलं, तर बरी झाल्यावर तिने परत अध्याय पहिला काढला. गोष्टीच्या पुस्तकांनाही तोच कायदा. शेवटचं पान आधी बघितलं म्हणून मी लहानपणी पाठीत धपाटे खाल्लेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जो मूर्खपणा केला तो काही आभाळातून पडला नव्हता.

माझा दादा जहाजावर लागला तेव्हा मी अकरावीत होते. अठ्ठ्याण्णव साल. नऊ महिने पाण्यावर, दोन महिने रत्नागिरीत, असं त्याचं चाले. पहिल्या सुट्टीला येताना त्याने सिंगापूरहून टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आणलं, राखाडी रंगाचं, आणि सोबत एका जपानी खेळाच्या सीड्या.

"ही मालिका आहे गो," तो म्हणाला. "किती वर्षं चाललीय. एकेक भाग चाळीस-पन्नास तास पुरतो. राजे, जादू, तलवारी, सगळी गोष्टच आहे. वाचत जायचं आणि लढत जायचं. तू वाच, मी बटणं दाबतो. तुझं इंग्रजी बरं आहे."

खोक्यावर सात आकडा होता.

"सातवा? आणि आधीचे सहा कुठायत?"

"दुकानदार म्हणाला, कुठूनही सुरू करा. काही बिघडत नाही."

"दुकानदार काय, माल खपवायला वाट्टेल ते सांगेल! मी नाही बाई मधूनच बसणार. पहिला भाग आण, मग बघू."

"बरं बाईसाहेब," म्हणून दादा हसला आणि त्याने खोकं कपाटात ठेवलं. त्याच्या बरोबरीची सगळी मुलं नोकरीला मुंबई-पुण्याला गेलेली. संध्याकाळी तो मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत एकटा चालत जायचा, एकटा परत यायचा आणि घरापुढच्या खळ्यात बसून राहायचा. त्याला घरात कुणीतरी सोबत हवं होतं. त्या खेळाचं निमित्त करून तो माझ्याकडे दोन महिन्यांची सोबत मागत होता. मला हे तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळत होतं. पण एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणणं माझ्या जिवावर यायचं.

दुसऱ्या सुट्टीत त्याने खरोखरच पहिला भाग आणला. जहाज जपानच्या बंदराला लागलं होतं आणि किनाऱ्यावर उतरायला मोजून चार तास मिळाले होते. बाकीचे खायला-प्यायला गेले. हा पठ्ठ्या भाषा येत नसताना हातवारे करत जुन्या सामानाची दुकानं हिंडला. ते खोकं त्याने बनियनमध्ये गुंडाळून आणलं होतं. पिशवीतून काढताना त्याचं तोंड असं फुललं होतं, की आज आठवलं तरी मला माझा राग येतो.

आत सीडी नव्हतीच. जाड प्लॅस्टिकचा एक ठोकळा होता, कुठल्यातरी जुन्या यंत्राचा. आमच्या यंत्रात तो जायलाच तयार नाही. वरून सगळं जपानीत.

"शी! हे काय उचलून आणलंस? एवढं जग फिरतोस आणि एक वस्तू धड विचारून आणता येत नाही?"

"अगो, तोंड आवर जरा," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

दादा ठोकळा उलटसुलट करून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तोवर सातवा लावूया का गो? दहाच मिनिटं."

"नाही म्हणजे नाही."

तेव्हाच्या त्या मुलीच्या, म्हणजे माझ्याच, अशी एक कानफटात ठेवून द्यावीशी वाटते मला!

तिसऱ्या सुट्टीपर्यंत तो पोचलाच नाही. कुठल्याशा बंदरात जहाज धक्क्याला बांधताना त्याचा उजवा हात दोरात सापडला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. विमानाने घरी पाठवला, तो कायमचाच. मग दिवसभर पडवीत बसायचा, हात पंचाखाली झाकून.

पुढे वर्षभराने मी परीक्षेचा निकाल बघायला स्टॅंडजवळच्या सायबर कॅफेत गेले होते. तासातली वीस मिनिटं उरली, म्हणून त्या खेळाचं नाव टाकलं. जगभरच्या लोकांनी तोच प्रश्न विचारला होता: सुरुवात कुठून करावी? आणि उत्तरं सगळी एकाच सुरात. कुठूनही करा. प्रत्येक भागात नवं जग, नवी माणसं, मागच्याशी काडीचा संबंध नाही. कित्येकांनी तर सातव्यापासूनच करा म्हटलं होतं. मी ते तीनदा वाचलं. निकाल काय लागला ते घरी सांगायचंही विसरले.

"दादा, तो दुकानदार खरं बोलत होता."

"कुठला दुकानदार?"

"खेळाचा. सिंगापूरचा. चल, सातवा लावूया. तू वाच, मी बटणं दाबते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठला, कपाटातून यंत्र काढलं, धूळ पुसली आणि डाव्या हाताने वायरी जोडल्या. मला हात लावू दिला नाही.

थोडं त्याने वाचलं, चांगलं नाटकी आवाजात वाचलं. मी हसले. मग पहिली लढाई आली आणि मी गोंधळले. "अगो मार ना! ते नाही, दुसरं बटण! आण इकडे!" म्हणत त्याने माझ्या हातातून खेळाचा रिमोट ओढला आणि दोन्ही हातांत धरायला गेला. उजव्या हाताला धरायला अंगठाच नव्हता. रिमोट कोब्याच्या जमिनीवर आपटला.

त्याने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "तूच खेळ," म्हणाला. "नुसतं बघत बसायला मला जमत नाही गो." आणि पडवीत निघून गेला.

पडद्यावर आमचा माणूस मार खात उभा होता. मी बटण दाबलं नाही. तो पडला.

"काय गो, एवढ्यात झाला खेळ?" आईने आतून विचारलं.

"हो," मी म्हटलं.